माझे इंजिन मागे आहे

मित्रांनो, माझी सगळी हकीगत मी सावकाश सांगणार आहे. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण ती लोकांच्या गळी उतरवण्यात माझे निम्मे आयुष्य गेले आणि अजूनही पुरते यश आलेले नाही. माझे इंजिन मागे आहे. पुढे नाही, मागे. पुढच्या गोल झाकणाखाली एक जादा चाक असते, ब्रेकच्या तेलाची छोटी बरणी असते आणि उरलेल्या जागेत माणसे जे काय कोंबतील ते असते. माझ्या बाबतीत बहुतेक वेळा बटाटे.

मी एक जुनी मोटारगाडी आहे. रंग फिका निळा, पाठ गोल, डोळे गोल आणि चाल अंमळ संथ. बोलिव्हियात आमच्या जातीच्या गाड्यांना सगळेजण 'पेटा' म्हणतात. पेटा म्हणजे कासव. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला फार राग आला होता. आता येत नाही. रागवायला त्याहून मोठी कारणे मला रोज मिळतात.

माझा जन्म शेहेचाळीस वर्षांपूर्वी ब्राझीलमधल्या एका कारखान्यात झाला. माझी पहिली मालकीण कोचाबांबा शहरातली दातांची डॉक्टर होती. बाई मोठी शिस्तीची. दर रविवारी मागचे झाकण उघडायची, पंख्याचा पट्टा बोटाने दाबून बघायची, तेल बघायची आणि झाकण बंद करून हात धुवायची. सतरा वर्षे मी तिच्याकडे होते. तेवढ्या काळात तिने माझ्यावर कधी एक फूल ठेवले नाही, की माझ्याकडे बघून कधी 'किती छान' म्हटले नाही. तेव्हा मला वाटायचे, बाईला माझे काही कौतुकच नाही. किती मूर्ख होते मी!

मग ती देश सोडून गेली आणि मला फाउस्तो तिकोनाने घेतले. माझे सध्याचे मालक हेच. ला पाझ शहरात, चढावरच्या एका गल्लीत त्यांचे दुकान आहे. उत्सवात नाचणाऱ्यांचे पोशाख ते शिवतात. मखमलीवर टिकल्या, मणी आणि सोनेरी जर. सजवणे माणसाच्या रक्तातच आहे. मी घरी आले त्या आठवड्यात माझ्या बैठकांना जरीचे अभ्रे आले, खिडक्यांना झालर आली, आणि मागच्या काचेत एक मान हलवणारा कुत्रा आला. तो कुत्रा एकोणतीस वर्षे मान हलवतो आहे. प्रत्येक गोष्टीला 'हो, हो' म्हणणारा सहप्रवासी काय त्रास देतो, ते तुम्हाला कळायचे नाही.

आमच्याकडे घरात गाडी आली की ती कोपाकाबानाच्या मरियामातेच्या दर्शनाला नेतात. तळ्याकाठच्या त्या गावात देवळासमोर गाड्यांची रांग लागते. सगळ्यांची तोंडे देवळाकडे. गाड्यांना फुलांच्या माळा घालतात, पुढचे झाकण उघडतात, आणि फादर बादलीतल्या पवित्र पाण्यात फुलांचा झुपका बुडवून इंजिनावर शिंपडतात. मग चाकांवर बियर उडवायची, त्यातली थोडी धरणीमातेला पाजायची, फटाके लावायचे. झाले, वर्षाची काळजी मिटली.

पहिल्या वर्षी फाउस्तोने माझे पुढचे झाकण उघडले. फादरने आत डोकावून पाहिले. आत जादा चाक आणि बटाट्यांचे पोते. बिचारा क्षणभर घुटमळला. पण मागे चाळीस गाड्या खोळंबल्या होत्या. त्याने झुपका बुडवला आणि बटाट्यांना आशीर्वाद दिला.

"अरे फाउस्तो, इंजिन मागं आहे तिचं!" अन्सेल्मो पोट धरून हसत म्हणाला. अन्सेल्मो म्हणजे फाउस्तोचा थोरला भाऊ. धंद्याने मेकॅनिक, लग्न केलेले नाही, बोटे कायम काळी.

"मला ठाऊक आहे," फाउस्तो दबक्या आवाजात म्हणाले. "मग काय देवळाकडे ढुंगण करून गाडी उभी करू? देवी काय म्हणेल?"

तेव्हापासून दर वर्षी माझ्या बटाट्यांना आशीर्वाद मिळतो. मला कपाळ असते तर मी त्यावर हात मारून घेतला असता. पण हातही नाहीत.

तरी त्या काळात माझी तक्रार नव्हती. कारण सगळे जण बियर पिण्यात गुंतले की अन्सेल्मो हळूच मागे यायचा, माझे झाकण उचलायचा, वाकून कान जवळ आणायचा आणि म्हणायचा, "हं, बोल." मी बोलायची. माझी टकटक, माझी घरघर, माझा वास, सगळे त्याला कळायचे. नुसते कळायचेच नाही, तो ते दुरुस्तही करायचा. त्याच्या शेजारी नीव्हेस उभी असायची. नीव्हेस ही फाउस्तो आणि त्यांची बायको बासिलिया यांची एकुलती एक मुलगी. काका पाना मागायच्या आधीच ती तो हातात ठेवायची.

सहा वर्षांपूर्वी माझ्या हातब्रेकची तार तुटली. अन्सेल्मोने खाली वाकून बघितले, मग आपल्या अंगणातून पावाच्या लादीएवढा एक तपकिरी दगड आणून माझ्या पायाशी ठेवला. म्हणाला, "आठ दिवसांचा प्रश्न आहे. तार आणतो. तोवर गाडी थांबली की हा चाकाला लावत जा."

त्या आठ दिवसांत त्याच्या छातीत दुखले, आणि तो गेला.

मित्रांनो, मी तेव्हा दारातच उभी होते. शवपेटी बाहेर निघाली तेव्हा फाउस्तो माझ्या पाठीवर डोके टेकवून रडले. मला त्यांचा तेव्हा राग आला नाही, आजही येत नाही. राग आहे तो पुढच्या सहा वर्षांचा.

कारण फाउस्तोने ठरवून टाकले की माझ्या अंगावर शेवटचा हात अन्सेल्मोचा पडला आहे, आता दुसरा पडणार नाही. अन्सेल्मोचा हत्यारांचा पत्र्याचा डबा त्यांनी घरी आणला. त्याला जांभळ्या मखमलीचा अभ्रा शिवला, त्यावर टिकल्यांचा क्रूस भरला आणि तो माझ्या पुढच्या झाकणाखाली, बटाट्यांच्या शेजारी ठेवून दिला. उघडला एकदाही नाही. फादर दर वर्षी त्याच्यावरही पाणी शिंपडायचे. आणि तो दगड, जो आठ दिवसांसाठी आला होता, तो घरचाच होऊन बसला. फाउस्तो गाडी थांबवून ओरडायचे, "दगड!" की नीव्हेसने दार उघडून उडी मारायची आणि तो चाकाला लावायचा. निघताना उचलायचा. एखाद्या गाडीला असतो झेंडा, एखादीला घंटी, मला दगड.

या सहा वर्षांत माझे कौतुक मात्र फार वाढले. परदेशी पाहुणे रस्त्यात थांबवून माझ्याबरोबर फोटो काढतात. जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत मला पहिला मान मिळाला. बघणारे म्हणतात, "वा, काय जपली आहे!" जपली आहे! माझ्या मागच्या डाव्या चाकात ब्रेकची रबरी नळी भेगाळली होती, तेल थेंबथेंब गळत होते, आणि फाउस्तो माझ्या आरशांना रेशमी गोंडे बांधत होते. वर बासिलियाने जत्रेतून खेळण्यातली एक इवलीशी जीप आणून माझ्याच आरशाला टांगली. आमच्याकडे जे हवे असते त्याचे छोटे रूप आणून आशीर्वादाला नेतात. म्हणजे तिला नवी जीप हवी होती, आणि ती मागायला ती माझ्यात बसून जाणार होती. याला काय म्हणायचे?

नीव्हेस आता चोवीस वर्षांची झाली आहे. वरच्या पठारावर बसगाड्यांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात ती काम करते. तिथे मोठमोठ्या बसचे ब्रेक ती खोलते आणि जोडते. फक्त घरच्या गाडीला हात लावायची तिला बंदी.

यंदा निघायच्या दिवशी सकाळी ती माझ्या चाकामागे वाकली, बोट फिरवले आणि ओले बोट वडिलांच्या नाकासमोर धरले.

"बाबा, हे काय आहे?"

"दव असेल."

"दवाला असा वास येतो? ब्रेकचं तेल आहे हे. दोन तास द्या मला. दोनच. आपल्याला घाटातून उतरायचंय."

"एकोणतीस वर्षं देवी नेते आणि आणते," फाउस्तो माझ्या टपावर माळ बांधत म्हणाले. "अन्सेल्मोनं जोडलंय ते. त्याला दुसरा हात लागणार नाही."

"माझा हात दुसरा आहे होय?"

फाउस्तोने माळेची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"आई, तू तरी सांग ना!"

"मी काय सांगू?" बासिलिया टोपलीत पाव भरत म्हणाली. "मी तर जीप मागत्येय. तुझा बाप ऐकेल तेव्हा ना."

"मग मी येत नाही," नीव्हेस म्हणाली. पण दहा मिनिटांनी तीच मागच्या सीटवर येऊन बसली, दगड मांडीवर घेऊन. "मी नाही आले तर दगड कोण लावणार?" असे तिने कुणालाही न विचारता सांगितले, आणि मानहलव्या कुत्र्याने मान हलवली.

पठारावरचा रस्ता छान सरळ आहे, तिथे काही वाटले नाही. मातीच्या भिंतींवर मागच्या निवडणुकीची नावे, कानांत रंगीत लोकरीचे गोंडे घातलेली लांब मानेची लामा जनावरे, बर्फाचे डोंगर आणि मेंढ्या चरत असलेली फुटबॉलची मैदाने. एका वळणावर बायका भाजलेल्या शेंगा विकत होत्या. फाउस्तोला त्या खायच्या होत्या. त्यांनी ब्रेक दाबला आणि मी थांबले ती शेंगांच्या पुढे, चीज विकणाऱ्या बाईसमोर.

"शेंगा मागं राहिल्या," बासिलिया म्हणाली.

"चीजच खायचं होतं मला," फाउस्तो म्हणाले.

"दगड!" नीव्हेस स्वतःच ओरडली आणि उतरली.

पुढे तळे दिसायला लागले आणि वळणे सुरू झाली. आमच्या घाटात प्रत्येक वाकड्या वळणावर छोटे क्रूस आहेत, प्लॅस्टिकची फुले लावलेले. तिथून ज्यांची गाडी खाली गेली, त्यांचे. प्रत्येक क्रुसापाशी फाउस्तो उजवा हात स्टिअरिंगवरून काढून छातीवर क्रुसाची खूण करतात. म्हणजे जिथे दोन्ही हात हवेत, बरोबर तिथेच एक हात सुटलेला! मी गिअरच्या जोरावर स्वतःला आवरत उतरत होते. त्यांचा पाय पेडलवर पडायचा आणि पेडल दर वेळी आधीपेक्षा जरा जास्त खाली जायचे. नीव्हेस पुढच्या दोन्ही सीटांच्या मधून वाकून त्या पायाकडे बघत होती. मी तर बोलून बोलून थकले होते. माझ्या मागच्या चाकातून जळका वास येत होता, त्याहून स्पष्ट मी कशी बोलणार?

तिकिना गावापाशी तळे अरुंद होते. तिथे पूल नाही. माणसे छोट्या होडीतून पलीकडे जातात आणि गाड्या लाकडी तराफ्यावरून. काठाचा उतार, मग दोन फळ्या, मग तराफा, आणि तराफ्याच्या पलीकडे पाणी. बासिलिया टोपली घेऊन होडीकडे गेली. नीव्हेसही जायला हवी होती. पण ती दगड पोटाशी धरून माझ्या बाजूने चालत राहिली.

"ताई, तुम्ही होडीत बसा," तराफेवाला म्हणाला.

"मी दगड आहे," ती म्हणाली. म्हणायचे होते वेगळेच, पण तिचे लक्ष माझ्या चाकावर होते.

मी उतारावरून फळ्यांवर आले. फाउस्तोने ब्रेक दाबला. पेडल जमिनीला टेकले आणि तिथेच राहिले. त्या क्षणी माझ्या नळीतला शेवटचा थेंब गेला, हे मला कळले. त्यांना कळायला अर्धा श्वास जास्त लागला.

"अहो काका, ब्रेक! ब्रेक दाबा!" तराफेवाला ओरडला.

"दाबलाय!"

नीव्हेस धावली, माझ्या पुढे गेली आणि वाकून दगड चाकासमोर ढकलला. तिचा हात मागे आला आणि माझे चाक दगडावर आदळले. ओल्या लाकडावर दगड घसरला, मी त्याच्या मागोमाग गेले. तो तराफ्याच्या कडेवरून 'डुबुक' करून पाण्यात गेला. पाठोपाठ माझी पुढची दोन्ही चाके कडेबाहेर गेली. मग माझे पोट लाकडावर टेकले आणि मी थांबले, निम्मी तराफ्यावर, निम्मी हवेत. धक्क्याने पुढचे झाकण उघडले आणि बटाटे एकेक करून तळ्यात पडू लागले. मखमलीचा जांभळा अभ्रा निसटला आणि पाण्यावर पसरला. हत्यारांचा डबा तेवढा जादा चाकाच्या मागे अडकला.

फाउस्तो स्टिअरिंग घट्ट धरून खाली पाण्याकडे बघत होते. नंतर त्यांनी मान वळवली ती नीव्हेसकडे. ती गुडघ्यांवर बसली होती, आणि तिचे हात माझ्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर होते. ते हात बघून माझ्या मालकांचा चेहरा असा झाला की मी सहा वर्षांचा राग तिथल्या तिथे विसरले. अर्थात थोड्याच वेळापुरता.

मागे थांबलेल्या बसमधली माणसे उतरली, दोर बांधला आणि मला ओढून काठावर घेतले. तराफेवाला घाम पुसत माझ्या माळा, गोंडे आणि झालर बघत राहिला.

"ब्रेक नाही आणि एवढी फुलं?" तो म्हणाला. "लग्नाला निघालात की मयताला?"

फाउस्तोने मान खाली घातली. बासिलिया होडीतून उतरून धावत आली, तिने आधी नवऱ्याला मिठी मारली, मग त्याच दमात त्याच्या पाठीत धपाटा घातला. "मी जीप मागितली होती. तुझं कलेवर नव्हतं मागितलं, मेल्या!"

नीव्हेस एका खोक्यावर बसून हाताचे तळवे बघत होती. फाउस्तो माझ्या उघड्या झाकणाकडे आले, अडकलेला डबा दोन्ही हातांनी सोडवला आणि तिच्यासमोर जमिनीवर ठेवला.

"घे," ते म्हणाले.

"उघडू?"

"तूच उघड. मला नाही जमणार."

तिने खिट्टी काढली. आत पाने, पक्कड, काकाचे तेलाने काळे पडलेले फडके. आणि सगळ्यांच्या वर वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक पुडके. तिने ते सोडले. आत हातब्रेकच्या दोन कोऱ्या तारा आणि रबरी नळ्यांची एक जोडी होती. कागदावर पेन्सिलने अन्सेल्मोच्या तिरक्या अक्षरात लिहिले होते: 'पेटाचे. मागची दोन्ही चाके. नळ्याही बदलणे. फाउस्तोला सांगणे.'

मित्रांनो, ऐकलेत ना? सहा वर्षे! सहा वर्षे माझी दुरुस्ती माझ्याच पोटात पडून होती. तिला मखमल मिळाली, टिकल्या मिळाल्या, दर वर्षी पवित्र पाणी मिळाले. फक्त कुणी खिट्टी काढली नाही. अन्सेल्मोने आठ दिवसांत आणतो म्हटले होते आणि आणलेही होते. आणि मी दर चढावर एका दगडाच्या जिवावर उभी!

फाउस्तोने तो कागद वाचला. पुन्हा वाचला. मग काठावर उकिडवे बसले.

"सांगायचं राहून गेलं त्याचं," ते म्हणाले. "आणि मी ऐकायचं टाळत बसलो."

नीव्हेसने त्यांना रडायला थोडा वेळ दिला. फार नाही, ती अन्सेल्मोची शिष्या आहे. "बाबा, चाक काढायचंय, जॅक धरा," ती म्हणाली. एका बसवाल्याने ब्रेकच्या तेलाची बाटली दिली, दुसऱ्याने घट्ट नट सोडवायला लांब पाइप दिला. तराफेवाला शिट्टी वाजवत दर थोड्या वेळाने बघून जाई. नीव्हेस चिखलात पाठीवर निजली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा कुणाचा तरी हात माझ्या चाकाच्या आत आला. त्या हातातला पाना अन्सेल्मोचाच होता, पण पकड तिची होती. जराशी जास्तच घट्ट, पण मी बोलले नाही.

नळीत हवा राहू नये म्हणून एकाने पेडल दाबायचे आणि दुसऱ्याने खाली स्क्रू सैल करायचा असतो. पेडलवर फाउस्तोचा पाय होता.

"दाबा," खालून आवाज यायचा. "धरा. धरा म्हटलं ना! आता सोडा. परत दाबा."

"किती वेळा?"

"मी सांगेपर्यंत."

एरवी दुकानात चार कारागिरांवर ओरडणारा माणूस, पण दुपारभर पोरीच्या शब्दासरशी पाय खालीवर करत राहिला. शेवटी पेडल मध्येच टणक झाले. त्यांनी आणखी जोर दिला. ते हलले नाही. "लागतंय," ते हळूच म्हणाले, जणू मोठ्याने म्हटले तर परत बिघडेल. बासिलियाने मासे आणि शिजवलेले मक्याचे दाणे आणले. बटाटे नव्हते.

अंधार पडायच्या आत नीव्हेसने हातब्रेकच्या तारासुद्धा बसवल्या. रात्र आम्ही काठावरच काढली, आणि सकाळी पुन्हा त्याच उतारावर उभे राहिलो. तराफेवाल्याने तराफ्यावरची आपली सगळी माणसे आधीच खाली उतरवली होती. त्याचे मी मनाला लावून घेतले नाही. फाउस्तोने मला फळ्यांवरून नेले, ब्रेक दाबला, आणि मी जिथे थांबायला सांगितले तिथे थांबले. वीतभरही पुढे नाही.

"दगड!" फाउस्तो ओरडले. सवय, दुसरे काय.

कुणीच उतरले नाही. होडीत न जाता मागच्या सीटवर बसलेल्या नीव्हेसने आपले रिकामे हात वर करून दाखवले. दगड तळ्याच्या तळाशी होता. फाउस्तोने दोन सीटांमधला हातब्रेकचा दांडा हातात घेतला. सहा वर्षे त्यावर ते टोपी अडकवत होते. तो त्यांनी वर ओढला. कर्र्र, कर्र्र, कर्र्र. पायाचा ब्रेक सोडला. मी जागची हलले नाही.

कोपाकाबानाला देवळासमोर रांग होतीच. नव्या कोऱ्या जीपा, मालमोटारी, फुलांनी गच्च भरलेल्या, सगळ्यांची तोंडे देवळाकडे. आमचा नंबर आला आणि फाउस्तोने मला सरळ उभे न करता गिअर बदलला. पुढे, मागे, पुन्हा पुढे, असे करत त्यांनी मला पूर्ण फिरवले आणि माझी पाठ देवळाकडे केली.

चौकात एकदम गलका झाला. "अहो, काय करताय? देवीकडे पाठ?" शेजारच्या जीपवाल्या बाई कानाला हात लावत म्हणाल्या.

"हिचं इंजिन मागं आहे," फाउस्तो मोठ्याने म्हणाले. भर चौकात म्हणाले, मित्रांनो, सगळ्यांना ऐकू जाईल असे! "एकोणतीस वर्षं मी बटाट्यांना आशीर्वाद देववला. यंदा देवीनं इकडं बघावं."

फादर हसले. त्यांनी झुपका बुडवला आणि माझ्या इंजिनावर शिंपडले. ते गरम होते, चर्र झाले, जराशी वाफ निघाली. मग फाउस्तोने नीव्हेसला पुढे ओढले. "फादर, हिच्या हातांवरपण." तिच्या नखांत अजून काळे तेल होते. तिने हात पुढे केले आणि पाण्याबरोबर तेही थोडे ओघळले. बासिलियाने इवली जीप आरशावरून काढून पाकिटात टाकली. फेकली नाही, हे मी पाहिले.

तेव्हा मित्रांनो, माझे सांगणे एवढेच. माळा घाला, गोंडे बांधा, फोटो काढा. मला आवडत नाही असे मी म्हणणार नाही. पण ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याचे झाकण अधूनमधून उघडून बघा. गेलेल्या माणसाची वस्तू मखमलीत ठेवू नका. ती ज्या कामासाठी होती, त्या कामाला लावा. आणि झाकण उघडण्याआधी ते कुठल्या बाजूला आहे, हे विचारून घ्या. मी दर वेळी फिरून दाखवणार नाही.

त्या दिवशी सगळे बियर पिण्यात गुंतले, तेव्हा मागे कुणीतरी आले. मला वाटले नीव्हेस असेल. पण ते फाउस्तो होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, माझे मागचे झाकण उचलले, वाकून कान जवळ आणला. टिकल्या टाचण्यात आयुष्य गेलेला माणूस. त्यांना काय कळणार होते कोण जाणे.

"हं," ते म्हणाले, "बोल."

सहा वर्षांचे साठले होते. मी हॉर्नपासून सुरुवात केली.